बारमधला बँड, तीन तासांची फेरी आणि कानाचा हिशोब

पीएचडी करणाऱ्या माणसासमोर 'गाइड' हा शब्द उच्चारला की त्याच्या पोटात गोळा येतो. आज मात्र वेगळ्या गाइडबद्दल बोलू. हा गाइड तुमचं चॅप्टर परत पाठवत नाही. तो तुम्हाला संध्याकाळी एका ठिकाणी गोळा करतो आणि एकामागून एक तीन-चार बारमध्ये नेतो. प्रत्येक ठिकाणी समोर बसून खरोखरचं गाणं-बजावणं ऐकवतो. याला बार क्रॉल म्हणतात. मराठीत 'बारची वारी' म्हणण्याचा मोह होतो, पण आपल्या वऱ्हाडात वारी शब्दाला वेगळा मान आहे. म्हणून मी 'फेरी' म्हणतो.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींची सिनॉप्सिस आरआरसीसमोर जायची आहे. मग बारचा विषय कशाला? कारण संशोधनाच्या पद्धतीतले चार-पाच मोठे मुद्दे या एका रात्रीत सापडतात: मोजमाप, सरासरी, सॅम्पल, गोंधळ घालणारे घटक आणि परवानगी. शिवाय यात पणाला लागलेली गोष्ट खरी आहे. ती म्हणजे आपलं ऐकू येणं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत.

फेरीत नेमकं काय होतं

डब्लिनमध्ये दोन वादकच गाइड असतात. ते पबमधून पबमध्ये नेतात आणि आयरिश संगीत वाजवून समजावून सांगतात. न्यू ऑर्लिन्सला फ्रेंचमेन स्ट्रीट आणि नॅशव्हिलला ब्रॉडवे या रस्त्यांवर दारादारातून बँड ऐकू येतो. आपल्याकडे गोवा, मुंबई, पुणे, बंगळुरू इथे अशा फेऱ्या निघतात. अमरावती-अकोल्यात परमिट रूम भरपूर, पण तिथलं गाणं बहुतेक वेळा टीव्हीवर लागतं. म्हणून आपल्या भागातले पोट्टे गोव्याला जातात. नागपूर-मडगाव गाडी बडनेरा, अकोल्याहूनच जाते.

मी गोव्यात अशा एका फेरीला पाहुणा म्हणून गेलो होतो. बारची नावं इथे महत्त्वाची नाहीत, क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या ठिकाणी उघड्यावर एक गिटार आणि एक गळा. दुसरीकडे चार जणांचा बँड. दहा वाजले तसं संगीत आत गेलं. तिसरी जागा बंद खोली, पूर्ण ड्रमसेट, गर्दी खांद्याला खांदा लावून. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. वेटर ऑर्डर ऐकतच नव्हता. तो ग्राहकाच्या ओठांकडे आणि बोटांकडे बघत होता, आणि तरी ऑर्डर बरोबर आणत होता. आपण तिथे तासभर असतो, तो रोज असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न छोटा करा

"लाइव्ह म्युझिकमुळे कान खराब होतात का?" हा प्रश्न ऐकायला छान आहे, पण त्यावर काम करता येत नाही. कोणाचे कान, किती वेळ, कुठे, खराब म्हणजे काय, यातलं काहीच त्यात नाही. तो असा करा: "तीन तासांच्या फेरीत एका पाहुण्याच्या कानाला एकूण किती ध्वनी मिळतो, आणि त्यातला शेवटच्या बारचा वाटा किती?" आता काय मोजायचं, कोणावर मोजायचं आणि उत्तर कोणत्या एककात येईल, हे सगळं ठरलं. सिनॉप्सिसमधला प्रत्येक उद्देश असा असावा.

डेसिबलची सरासरी काढताना

समजा, आपण तीन बारमध्ये प्रत्येकी एक तास होतो. पातळी अनुक्रमे ८८, ९४ आणि १०३ डेसिबल होती. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या बारचे नाहीत. सरासरी किती? बहुतेक जण ८८, ९४, १०३ ची बेरीज करून तीनने भागतील आणि ९५ म्हणतील. ते चूक आहे.

का ते बघा. तीन माणसं आहेत. एकाकडे १०० रुपये, दुसऱ्याकडे १,००० आणि तिसऱ्याकडे १,००,००,०००. शून्यं मोजली तर २, ३ आणि ७. शून्यांची सरासरी ४, म्हणजे १०,००० रुपये. पण पैशांची खरी सरासरी ३३ लाखांच्या वर जाते. डेसिबल म्हणजे अशीच शून्यं मोजण्याची पद्धत, शास्त्रीय भाषेत लॉगॅरिदम. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते, ३ वाढले की जवळपास दुप्पट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण 'दुप्पट मोठा आवाज' इतकीच वाटते. म्हणजे आपला अंदाज आणि प्रत्यक्षातली ऊर्जा यांत मोठं अंतर पडतं.

म्हणून आधी प्रत्येक पातळी ऊर्जेत बदलायची, मग सरासरी काढायची आणि ती परत डेसिबलमध्ये आणायची. आपल्या उदाहरणात उत्तर सुमारे ९९ येतं. ९५ आणि ९९ मध्ये चारचाच फरक दिसतो, पण ऊर्जेत तो अडीच पटींच्या आसपास आहे. पीएच, तारकांची प्रत, रिश्टर मापन, जिथे जिथे लॉगचं माप असेल तिथे हाच सापळा असतो. व्हायव्हामध्ये यावर प्रश्न येऊ शकतो, तयार राहा.

एकच रात्र, दोन उत्तरं

आता पातळी आणि वेळ एकत्र करून 'मात्रा' काढू, डॉक्टर औषधाची काढतात तशी. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास. १०३ ला फक्त साडेसात मिनिटं!

हिशोब सरळ आहे. पहिल्या बारमध्ये ४ तासांपैकी १ तास वापरला, म्हणजे २५ टक्के. दुसऱ्यात १ पैकी १ तास, १०० टक्के. तिसऱ्यात साडेसात मिनिटांच्या जागी ६० मिनिटं, ८०० टक्के. एकूण ९२५ टक्के. दिवसाच्या मर्यादेच्या नऊ पटींहून जास्त.

आता तोच हिशोब आपल्या कारखाना कायद्याखालच्या आदर्श नियमांच्या तक्त्याने करू. तिथे ९० डेसिबलला ८ तास आहेत आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ त्या तक्त्यातच बसत नाही, कारण तक्ता ९० पासून सुरू होतो. ९४ ला एक तास म्हणजे सुमारे २२ टक्के, १०३ ला एक तास म्हणजे सुमारे ७६. एकूण ९८ टक्के. म्हणजे मर्यादेच्या आत!

तेच कान, तोच बँड, तीच रात्र. एका नियमाने नऊ पट धोका, दुसऱ्याने 'सगळं ठीक'. यात आकड्यांची हातचलाखी नाही. ३ चा नियम सरळ ऊर्जेच्या तत्त्वावर उभा आहे. ५ चा नियम जुना आहे. कारखान्यात आवाज सलग नसतो, मधे थांबतो आणि कानाला उसंत मिळते, हे गृहीत धरून तो केलेला आहे. तुमच्या प्रबंधात 'ध्वनीमात्रा ९८ टक्के' असं नुसतं लिहिलंत तर त्याला अर्थ नाही. कोणता निकष, कोणता विनिमय दर, किती डेसिबलच्या खालचा आवाज सोडून दिला, हे तिन्ही लिहावं लागतं. आणि ते मोजणी करण्याआधी ठरवावं लागतं. निकाल बघून निकष निवडणं म्हणजे पेपर फुटल्यावर अभ्यास करणं.

या गणितातून पाहुण्याला कामाची गोष्टही मिळते. पहिला बार पूर्ण वगळला तर एकूण मात्रा ९२५ वरून ९०० वर येते, म्हणजे फरक नावालाच. शेवटच्या बारमध्ये तासाऐवजी अर्धा तास थांबलात तर ती थेट ५२५ वर येते. आणि तिथे नीट बसवलेल्या इअरप्लगने १५ डेसिबल कमी केले, तर त्या बारचे ८०० टक्के २५ वर येतात. रात्रीचा निकाल सगळ्यात मोठ्या आवाजाचा तास लावतो, बाकीचे तास जवळजवळ मोजण्यापुरतेच असतात.

लाइव्हमध्ये वेगळं काय आहे

स्पीकरवरचं गाणं मालकाला हवं तेवढं कमी करता येतं. ड्रमला मात्र आवाजाचं बटण नसतं. छोट्या खोलीत ड्रमसेट वाजायला लागला की त्याच्यावर गायकाचा माइक चढवावा लागतो, मग गिटार, मग बेस. साउंडवाल्याच्या हातात वर नेणं असतं, ड्रमच्या खाली आणणं नसतं.

दुसरी गोष्ट खोलीची. उघड्यावर छोट्या ध्वनिस्रोतापासून अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून स्टेजपासून थोडं दूर गेल्यावर पुढे कितीही मागे सरका, फारसा फरक पडत नाही. "मागच्या टेबलवर बसलो होतो" हा दिलासा बंद खोलीत तोकडा असतो.

तिसरी गोष्ट माणसांची. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली हे मांडलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. बँड मोठा, म्हणून टेबलं मोठी, म्हणून बँड आणखी मोठा. लग्नाच्या पंगतीत ऑर्केस्ट्रा असला की हेच होतं. आग्रह करणारा मामा ओरडायला लागतो ना, तो लोंबार परिणाम.

मोजायचं कशाने? प्रबंधासाठी प्रमाणित ध्वनिमापक किंवा खांद्यावर लावायचा डोसिमीटर लागतो. तो आधी आणि नंतर कॅलिब्रेट करायचा. कॅलिब्रेटर साधारणपणे ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देतो. मोबाइल अॅप प्राथमिक अंदाजापुरतं ठीक. नायॉशने स्वतःचं अॅप आयफोनपुरतंच काढलं. अँड्रॉइडचे फोन इतक्या तऱ्हांचे आहेत की प्रत्येकाचा माइक वेगळा वागतो. त्यात फार मोठ्या आवाजाला फोनचा माइक गुदमरतो आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. धोका जास्त असतो तिथेच असं उपकरण कमी बोलतं.

कायदा कोणाच्या कानासाठी?

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्री उघड्यावर लाउडस्पीकर किंवा वाद्यं नकोत, बंद जागेला सूट. म्हणून गोव्यात दहानंतर बँड आत जातो. शेजाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण आत बसलेल्यांचं काय? तोच बँड आता भिंतींमध्ये कोंडला. हे नियम बारच्या बाहेरचा कान सांभाळतात, बारमधल्या कानाबद्दल बोलत नाहीत. कारखान्याचा तक्ता कारखान्यासाठी, आणि बार काही कारखाना नाही.

ही फट भरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या जागांसाठी मानक आणलं. कुठल्याही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाजावर सतत नजर हवी, इअरप्लग मिळावेत, कानाला विसावा द्यायला शांत कोपरा असावा. आपल्या उदाहरणातला तिसरा बार इथे नापास होतो. संशोधनाची जागा अशाच फटीत असते. नियम आहेत, पण ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, अशी जागा शोधा.

सॅम्पल गाइडने निवडलंय!

समजा तुम्ही फेरीतल्या तिन्ही बारची मोजणी केली आणि लिहिलंत, "गोव्यातल्या बारमध्ये सरासरी आवाज ९९ डेसिबल." थांबा. हे बार कोणी निवडले? गाइडने. तो कुठे नेतो? जिथे त्याची ओळख आहे, गट मावतो आणि पाहुण्यांना मजा येते. शांत, कोपऱ्यातला बार त्याच्या यादीत बहुधा नसेलच. म्हणजे तुमचं सॅम्पल गाइडच्या आवडीचं आहे, गोव्याचं नाही. दावा तेवढाच करा: "मार्गदर्शित फेरीतल्या बारमध्ये." शीर्षकातला एक शब्द वाढवला की प्रबंध वाचतो.

आणखी एक. फेरीत क्रम ठरलेला असतो, शांत आधी, दणदणीत शेवटी. मग शेवटी कान सुन्न झाले ते शेवटच्या बारमुळे, की साचलेल्या तीन तासांमुळे, की थकव्यामुळे, की पोटातल्या बिअरमुळे? दारूने काही काळ कमी वारंवारतेचे आवाज ऐकण्याची क्षमता घटते, असं २००७ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. हे सगळे घटक एकमेकांत गुंतलेत. ते सुटे करायचे तर वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या क्रमाने न्यावं लागेल आणि एखादा गट लिंबू सोड्यावर ठेवावा लागेल.

चांगला आराखडा कसा दिसतो ते बघायचंय? २०१५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात संशोधकांनी ५१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एकाला इअरप्लग, दुसऱ्याला नाही. साडेचार तास, सरासरी सुमारे १०० डेसिबल. आधी आणि नंतर ऐकण्याची चाचणी. तात्पुरतं ऐकू कमी येणं प्लगवाल्यांच्या ८ टक्के कानांत दिसलं, बिनप्लगवाल्यांच्या ४२ टक्के. साधा प्रश्न, साधं वाटप, आणि असं उत्तर की कोणालाही कळावं.

"तात्पुरतंच ना, सकाळी ठीक होतं," असं म्हणाल. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर काम केलं. आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ण पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे गेले होते. माणसांत हे कितपत लागू होतं यावर वाद चालू आहे. पण 'चाचणी नॉर्मल' म्हणजे 'काही झालं नाही' असं धरून चालता येत नाही, एवढं नक्की.

पाहुणा एक रात्र, वेटर रोज

आता तो ओठ वाचणारा वेटर आठवा. पाहुण्याला वर्षातून एखादी रात्र मिळते. गाइड, वेटर आणि वादक यांना आठवड्यातल्या बहुतेक रात्री. मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी जागतिक मानक प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास एवढी मुभा देतं. १०३ डेसिबलला तो आठवड्याचा कोटा सुमारे १२ मिनिटांत संपतो. जर्मनीतल्या विमा नोंदींवरून २०१४ साली झालेल्या अभ्यासात व्यावसायिक वादकांमध्ये आवाजामुळे आलेल्या बहिरेपणाचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त निघालं. म्हणजे खरा प्रश्न पाहुण्याचा नाहीच. फेरी आपल्याला वाट दाखवते, पण अभ्यास करायचा तो आपण निघून गेल्यावर तिथेच राहणाऱ्यांचा.

आणि तो करायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. प्यालेल्या माणसाची सही म्हणजे संमती नाही, संमती दुपारी घ्यायची. वेटरची मोजणी मालकाच्या परवानगीने करताना त्याचा निकाल मालकाला कळणार नाही, हे लेखी द्यायचं. नाहीतर ऐकू कमी येतं म्हणून त्याची नोकरी जायची, आणि त्याला कारण आपला पेपर असायचा.

अमरावती-अकोल्यात बसून

गोव्याला जायला ग्रँट कोण देणार, बाप्पा! गरजही नाही. प्रश्न तोच ठेवा, जागा बदला. गणपतीत एका संध्याकाळी चार मंडळांची फेरी करा. लग्नसराईत ऑर्केस्ट्रावाल्यांना आणि बँडपथकाला भेटा. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराची कावड येते. तिथे वाजवणारे तासन्‌तास वाद्यांना चिकटून चालतात, आणि बघणाऱ्यांसमोरून ते काही मिनिटांत पुढे जातात. पाहुणा आणि वेटर, तीच जोडी. तुलनेला खंजिरीवरचं भजन घ्या. माइक लावून आणि न लावून दोन्ही मोजलंत, तर वाद्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे वेगळं काढता येईल.

सुरुवातीला एवढंच करा. एका कागदावर पाच ओळी लिहा: कोणाचे कान, कुठे, किती वेळ, कोणता निकष, आणि जागा कोणी निवडली. पाचवी ओळ बहुतेकांच्या सिनॉप्सिसमध्ये नसते. आरआरसीतला अनुभवी माणूस बोट ठेवतो ते तिथेच. आणि मोजायला जाल तेव्हा स्वतःच्या खिशात इअरप्लग ठेवा. मोजणारा कानसुद्धा आपलाच आहे.